नाळ वेळेवर पडली का?



संयोजकांनी बजावलंय, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला समजेल असं बोल." मी पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर रक्त पाहते. म्हणून आज पांढऱ्या पेशींबद्दल.

पायात काटा मोडला की एक-दोन दिवसांत तिथं पू होतो. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. पण धो धो वाहत्या रक्तातून त्या नेमक्या तिथंच उतरल्या कशा?

नवरात्रात महाद्वारातून पायऱ्या उतरणारा लोंढा आठवा. मधेच बाजूला व्हायचं तर एकदम थांबता येत नाही. कठड्याला हात लावत वेग कमी करायचा, मग कठडा घट्ट धरायचा, मग अंग चोरून सटकायचं. पेशी हेच करते. जखमेजवळच्या बारीक शिरांच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू येतात. त्यांतला एक प्रकार तर आत तयारच साठवलेला असतो, काही मिनिटांत वर येतो. पेशीवरच्या विशिष्ट शर्करा त्याला सैलसर अडकतात आणि पेशी गडगडत पुढं जाते. मग पेशीवरचे इंटिग्रिन रेणू अस्तरावरच्या आयकॅमला पक्के धरतात. पेशी थांबते, चपटी होते, अस्तराच्या फटीतून बाहेर पडते. फरक एवढाच, की देवळाचा कठडा बारा महिने असतो. शरीरातला गरजेपुरता वाढतो. तो सगळीकडे कायम चिकट राहिला असता तर पेशी भलत्याच जागी बसून नुकसान करत राहिल्या असत्या.

काही बाळं मात्र पकडच अधू घेऊन जन्मतात. इंटिग्रिनचा सीडी-१८ हा भाग सदोष असतो. रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जखमेपर्यंत एकही पोचत नाही. वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि पू होत नाही. आपल्याकडे पू नाही म्हणजे जखम बरी, असं समजतात. इथं उलटं आहे. पहिली खूण बहुधा नाळेची. ती साधारण एक-दोन आठवड्यांत पडते. या बाळांची तीन-चार आठवडे झाले तरी पडत नाही, बेंबी लाल होते. उशिरा नाळ पडणारी बहुतेक बाळं ठणठणीत असतात, घाबरू नका. पण बेंबी लाल असेल, ताप असेल तर राख-हळद न लावता डॉक्टरांकडे जा आणि पांढऱ्या पेशी मोजून घ्या. परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत सीडी-१८ तपासतात. आजार तीव्र असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच खरा इलाज, आणि तो जितक्या लवकर तितका बरा.

याचाच एक विरळा भाऊ आपल्या मुंबईच्या नावाशी जोडलाय. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगापुढं मांडला. १९९२ मध्ये इस्राएलमधल्या दोन मुलांत हाच रक्तगट आणि पेशी न चिकटण्याचा आजार एकत्र सापडला. दोन्हींच्या मुळाशी फ्यूकोज ही एकच साखर. ती पेशीत जिथं वापरायची तिथं पोचतच नव्हती, म्हणून रक्तगटाची खूणही नाही आणि सिलेक्टिनला अडकणारी शर्कराही नाही. साधा बॉम्बे गट असणाऱ्यांना हा धोका नसतो, हेही सांगून ठेवते. नाहीतर उद्या कुणी उगाच झोप घालवून बसेल.

आता थोडं नाजूक. हे दोन्ही आजार होण्यासाठी आई आणि बाप, दोघांकडून सदोष जनुक यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कौतुकाने लावतात. माझ्याही घरात अशी लग्नं आहेत. दोघांच्या अंगात एकाच आजी-आजोबांकडून आलेला तोच दोष असण्याची शक्यता अशा घरात वाढते. ज्या घरात पहिलं मूल असं गेलंय, तिथं पुढच्या वेळी गर्भातच तपासणी होऊ शकते. मात्र त्यासाठी कुटुंबातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो. म्हणून आजारी बाळाचे कागद, रिपोर्ट कधी फेकू नका.

जेवणाची पंगत बसेपर्यंत मी खालच्या वर्गात आहे. कुणाच्या नातवाचे रिपोर्ट सोबत असतील तर घेऊन या, आपण बसून बघू.