जुन्या सायकलीचें मडगार्ड



जुन्या सायकलीच्या मडगार्डविषयीं रेडिओवरून बोलण्यासारखें काय आहे, हा प्रश्न आपल्या मनांत येणें साहजिक आहे. दोन वर्षांपूर्वीं माझ्याही मनांत तोच आला असता. पण मध्यंतरीं एका पावसाळ्यानें मला या विषयाचा विद्यार्थी केलें.

माझें घर डहाणूस. पडवींत वडिलांची सायकल भिंतीस टेकून उभी असे. बर्मिंगहॅमची हर्क्युलिस, अठ्ठावीस इंची चाकांची आणि सळयांच्या ब्रेकांची. वडील शिक्षक होते. घोलवड-बोर्डीच्या रस्त्यानें ते तिच्यावरून वर्षानुवर्षें हिंडले. तिला 'पायगाडी' म्हणणारीं म्हातारीं माणसें माझ्या लहानपणीं गांवांत होतीं. वडील गेल्यावर सायकल तशीच राहिली आणि समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यानें मडगार्डचा पत्रा हळूहळू खाल्ला. भाच्यानें ती चालती करण्याचा हट्ट धरला, तेव्हां मीं जुनीं मडगार्डें काढून माळ्यावर टाकलीं आणि नवी चकचकीत जोडी बसवून घेतली. "मडगार्डांत काय पाहायचें? सगळीं सारखींच," असें दुकानदार म्हणाला. मीं मान डोलावली.

आषाढांत भाचा तलासरीकडे एका आप्तांच्या घरीं निघाला. डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोंकाचे शेजारी तालुके. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला, पण येथला चिखल मात्र फार जुना आहे! भातखाचरांची चिकण माती एकदां टायरला धरली कीं सहजासहजीं सुटत नाहीं. अशाच एका कच्च्या वाटेवर पुढचें चाक एकाएकीं जागच्या जागीं थांबलें. भाचा हँडलवरून पुढें फेकला गेला आणि त्याचें उजवें मनगट मोडलें. घरीं आल्यावर तो एवढेंच म्हणाला, "मामा, आजोबांच्या सायकलीला दोष देऊं नका." दोष सायकलीचा नव्हताच. तो माझ्या निवडीचा होता.

चूक कोठें झाली, हें मला नंतर आमच्या गांवांतील एका वृद्ध कारागिरानें दाखविलें. त्यानें माळ्यावरचें जुनें मडगार्ड आणायला सांगितलें, तें फरशीवर ठेवून खडूनें त्याची कमान रेखाटली आणि तिच्याच शेजारीं नव्या मडगार्डची कमान काढली. दोन्ही रेषा डोळ्यांनीं पाहतांच वेगळ्या दिसत होत्या. नवें मडगार्ड सव्वीस इंची चाकाचें होतें.

अठ्ठावीस इंच म्हणजे टायरसकट चाकाचा ढोबळ व्यास. आपल्याकडील जुन्या सायकलींचें टायर बहुधा अठ्ठावीस गुणिलें दीड इंच असें असतें. हल्लीं टायरच्या कडेला मिलिमीटरांत आंकडेही छापलेले असतात, आणि तेच अधिक भरंवशाचे. या टायरवर ४०-६३५ असें लिहिलेलें आढळेल. पहिला आंकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमवर टायर जेथें बसतें तेथल्या व्यासाचा. सव्वीस गुणिलें एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाच्या टायरवर ३७-५९० असें असतें. दोन चाकांच्या बाहेरील व्यासांत सुमारें पन्नास मिलिमीटरांचा फरक पडतो, म्हणजे त्रिज्येंत एक इंचाचा. एवढा फरक मडगार्डची कमान सहन करीत नाहीं.

आतां एक बारकावा. अलीकडच्या पुष्कळ सायकलींना ६२२ मिलिमीटरांची रिम असते. तिचें टायर आपल्या ६३५ च्या रिमवर कदापि चढणार नाहीं. परंतु तिचें मडगार्ड, रुंदी पुरेशी असल्यास, चालून जातें, कारण त्रिज्येंतील फरक अवघा साडेसहा मिलिमीटरांचा. टायरला जी चूक क्षम्य नाहीं, ती मडगार्डला थोडीबहुत क्षम्य आहे. पण इंचभराची नव्हे.

दुकानदारानें काय केलें होतें? आखूड कमानीचें मडगार्ड हातांनीं फांकवून आधाराच्या सळयांनीं तें ताणून धरलें होतें. वरून तें शोभून दिसत होतें. पण ताणलेला पत्रा आपल्या मूळ आकाराकडे ओढ घेतच राहतो. खडबडीत वाटेनें एक नट सैल झाला, खालचें टोंक टायरला जाऊन टेंकलें, चिखलाच्या लगद्यानें तें पकडलें आणि फिरत्या चाकानें पत्रा आंत ओढून दुमडला. कांहीं नव्या मडगार्डांच्या पुढील सळया अशा वेळीं आपोआप सुटतील अशी सोय असते. आमच्या जोडींत ती नव्हती.

म्हणून निवड करतांना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली कमानीची. जुन्या रबरी चपलेचे सारख्या जाडीचे तीन तुकडे कापून टायरवर ठेवावेत, एक चिमट्याच्या माथ्याशीं आणि दोन मडगार्डच्या दोन टोंकांशीं, आणि वर मडगार्ड नुसतें ठेवून पाहावें. जोर न लावतां तें तिन्ही तुकड्यांवर टेकलें, तर माप योग्य समजावें. दुसरी अंतराची. टायर आणि पत्रा यांमध्यें दहा-बारा मिलिमीटर, म्हणजे बोटभर जागा हवी. कच्च्या वाटेवर थोडी अधिक. चिखल मागच्या खालच्या टोंकानें आंत शिरतो, म्हणून तेथून पुढें वाट अरुंद होतां कामा नये. तिसरी रुंदीची. चाळीस मिलिमीटरांच्या टायरला सुमारें पन्नासाचें मडगार्ड पुरतें. त्याहून फार रुंद घेतलें तर तें चिमट्याला किंवा ब्रेकच्या कमानीला घासतें. चौथी गोष्ट लांबीची. पाणी चाकाला स्पर्शरेषेंत सोडून जातें. मागच्या चाकाचें पाणी पाठीवर उडतें, पण पुढच्या चाकाचें पायांवर आणि साखळीवर येतें. यास्तव पुढच्या मडगार्डचें मागील टोंक आंसाच्या बरेंच खालीं उतरलें पाहिजे. तें आखूडच असेल तर खालीं रबराची पट्टी जोडावी.

कारागिरानें जुनीं मडगार्डें आंतून खरवडलीं, तेव्हां वाळलेल्या मातीचे थरावर थर निघाले. त्यांत घोलवडची माती किती आणि बोर्डीची किती, कोण सांगणार! खालचा पत्रा अजून शाबूत होता. त्यानें भोकांना आंतून ठिगळें लावलीं, गंज घालविला, तांबडा प्रायमर व काळा रंग दिला आणि मागच्या मडगार्डचें शेपूट पूर्वीसारखें पांढरें केलें. जोडी एकही सळई न ताणतां जागेवर बसली. जी वस्तु मीं भंगार म्हणून माळ्यावर फेंकली होती, तीच मापाची निघाली.

भाच्याचें मनगट आतां बरें आहे. यंदा पावसाच्या तोंडावर तो पडवींत बसून चाक हळूहळू फिरवीत होता. टायर आणि पत्रा यांच्या फटींतून त्यानें आपलें बोट या टोंकापासून त्या टोंकापर्यंत नेलें, सारे नट आंवळले, आणि मगच मला म्हणाला, "मामा, येतों जाऊन." मीं त्याला अडविलें नाहीं. आपल्या घरींही अशी एखादी सायकल असेल, तर ती बाहेर काढण्यापूर्वीं एवढें बोट फिरवून पाहावें, इतकीच माझी विनंती आहे.