चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?

(वाटूर येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत एका डॉक्टरांनी केलेले भाषण)



वाटूर फाट्यावर उतरलं की एक रस्ता जालन्याला जातो, एक मंठ्याला, एक परतूरला. कुठं जायचं ते न सांगता पहिल्या गाडीत बसलं तर भाडंही जातं आणि दिवसही जातो. चक्कर आलेल्या माणसाचं दवाखान्यात नेमकं हेच होतं. तो म्हणतो, "डॉक्टर, चक्कर येते." डॉक्टर विचारत नाही कसली. पेशंट सांगत नाही. सलाईन लागतं, एक सुई होते, चार गोळ्यांची पुडी मिळते. आठ दिवसांनी पुन्हा चक्कर आली की पुन्हा सलाईन.

त्या सलाईनच्या बाटलीत काय असतं याचा हिशेब एकदा करून टाकू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. म्हणजे एक चमचासुद्धा मीठ नाही. ज्याला सारख्या उलट्या होतात, जो बेशुद्ध आहे, त्याचा या बाटलीनं जीव वाचतो. तिची थट्टा मी करत नाही. पण जो माणूस स्वतःच्या पायानं चालत आला, ज्याच्या पोटात पाणी टिकतं, त्याला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दिलं तर तेच काम घरी होतं. मजुरी बुडवून, उधारी करून बाटली लावून घेण्याचं कारण नाही.

आता मूळ मुद्दा. चक्कर हा रोग नाही, तो एक शब्द आहे. त्याच्या पोटात निदान आठ-दहा वेगवेगळी दुखणी आहेत. आणि गंमत अशी की, डॉक्टरांच्या पुस्तकापेक्षा तुमची भाषा याबाबतीत श्रीमंत आहे. भोवंड येते म्हणजे घर फिरतं. डोळ्यापुढं अंधारी येते म्हणजे आता पडतो की काय असं वाटतं. झोकांड्या जातात म्हणजे डोकं ठीक, पण पाय ठरत नाहीत. हे तीन शब्द तीन वेगळ्या रस्त्यांचे आहेत. दवाखान्यात गेल्यावर नुसतं "चक्कर" म्हणू नका, घरी जे बोलता तेच तिथं बोला. आणि तीन गोष्टी सांगा: काय करताना येते, किती वेळ टिकते, सोबत आणखी काय होतं. निम्मं निदान इथंच होतं.

अंधारीचं आधी घेतो, कारण ती आपल्या शिवारातली आहे. बाई सकाळी चहा पिऊन कापूस वेचायला जाते. दिवसभर वाकलेली. पाणी पीत नाही, कारण पाणी प्यायलं तर लघवीला जायचं कुठं? चारी बाजूंनी माणसं आहेत. दुपारी झटकन सरळ उभी राहिली की डोळ्यापुढं काळोख. हा मेंदूचा रोग नाही. शरीरातलं पाणी कमी पडलं आणि उभं राहताना रक्त डोक्यापर्यंत वेळेत पोचलं नाही, एवढंच. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तर ही अंधारी लवकर येते. तपासायला मशीन लागत नाही. आधी झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजायचं. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर कारण सापडलं. खुर्चीत बसवून एकदाच बीपी बघणाऱ्या डॉक्टरला हे दिसणारच नाही. म्हणून तुम्हीच म्हणा, "साहेब, उभं करून बघा." पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ती कमी करायची की वेळ बदलायची हे डॉक्टरला ठरवू द्या.

दुसरं कारण रक्त कमी असणं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या मांडवात बसलेल्या दर दोन बायांत साधारण एक. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर अंगी कमी लागतात, तेवढं सांभाळा. पाळीत जास्त अंगावर जात असेल तर ते लाजून लपवू नका, गळक्या हौदात पाणी भरून उपयोग नाही. साखरेच्या गोळ्या खाणारा उपाशी राहिला, घाम सुटून थरथरायला लागला, तर शुद्धीवर असताना लगेच साखर द्या.

आता भोवंडीकडे येतो. इथंच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. माझ्याकडे एक आजी आल्या. रात्री बाजेवर कुशी बदलली की घर गरगर फिरतं, पोटात ढवळतं, मिनिटभरात थांबतं. वर मडक्याकडे बघितलं तरी तेच. त्या दोन वर्षं गोळ्या खात होत्या. डोक्याचा फोटो काढला होता, तो चांगला आला. येणारच. दुखणं मेंदूत नव्हतं, कानात होतं.

कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तोल सांभाळणारं एक यंत्र आहे. पातळी बघायची गवंड्याची पाणीनळी असते ना, तशा तीन वाकड्या नळ्या त्यात पाण्यानं भरलेल्या आहेत. शेजारच्या पिशवीत चुनखडीचे बारीक कण चिकटलेले असतात, धुळीसारखे. वयानं किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि नळीत शिरतात. मान हलली की कण घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीला कानाच्या या यंत्रावरच्या कामासाठी 1914 चं नोबेल मिळालं. 1952 मध्ये डिक्स आणि हॉलपाईक यांनी हे दुखणं नुसतं पेशंटला आडवं करून ओळखायची रीत सांगितली. अमेरिकेतल्या जॉन एप्लीनं तर कण परत जागेवर घालवायची कसरत काढली. तिच्यावर पुष्कळ दिवस त्याच्या धंद्यातल्या लोकांचा विश्वास बसला नाही. 1992 मध्ये त्याचा निबंध छापून आला, आणि आज जगभर हाच पहिला उपचार आहे.

उपचार असा. पेशंटला बाजेवर लांब पाय करून बसवायचं. दुखऱ्या कानाकडे मान अर्धी वळवायची आणि झटकन उताणं झोपवायचं, डोकं किंचित खाली लोंबतं ठेवून. घर फिरेल, डोळे थरथरतील. ते थांबेपर्यंत, अर्धा-एक मिनिट, तसंच ठेवायचं. मग मान दुसऱ्या बाजूला वळवायची, थांबायचं. मग सगळं अंग त्या कुशीवर, तोंड जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. मग उठवून बसवायचं. पाच मिनिटांचं काम. खर्च शून्य. बहुतेकांना एक-दोन वेळेत आराम पडतो. काहींना वर्ष-दोन वर्षांनी परत होतं, तेव्हा परत करायचं. कोणता कान आहे हे बघून पहिल्यांदा जाणकारानंच करावं, आणि मानेचं दुखणं असेल तर आधी सांगावं. आजी दुसऱ्या दिवशी धारा काढायला बसल्या.

या दुखण्यावर गोळीचा उपयोग होत नाही. गोळी नळीतला खडा काढू शकत नाही. चक्करवरच्या प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनॅरिझिनसारख्या गोळ्या उलट्या होत असताना दोन-तीन दिवस ठीक. महिनोन्महिने खाल्ल्या तर म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरतात, अंग ताठतं, चाल मंदावते, आणि मग त्यालाही नवा रोग समजून नव्या गोळ्या सुरू होतात! काहींना भोवंड सलग दोन-चार दिवस थांबत नाही. कानाच्या नसेला सूज आली तर असं होतं. ती ओसरते, पण त्यातही आठवडाभर झोपून राहू नका, जमेल तसं धरून चाला. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर मात्र कानाचा डॉक्टर लगेच गाठा.

आतापर्यंतचं सगळं दमानं घेण्यासारखं. फवारणीनंतरच्या चकरेला दम धरायचा नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र करून पंप चालत होते. शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले, विसाहून अधिक दगावले. आपण विषाला औषध म्हणतो, हीच मोठी अडचण आहे. चक्कर, मळमळ, धूसर दिसणं, तोंडाला लाळ, दरदरून घाम, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी: हे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीच्या विषाचं लक्षण. "ऊन लागलं असेल" म्हणून बांधावर झोपवू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, दूध-तूप पाजू नका, उलटी करवू नका. आणि औषधाचा डबा सोबत न्या. या विषावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, पण सगळ्या कीटकनाशकांवर तो चालत नाही. कोणतं विष होतं हे कळलं नाही तर डॉक्टर अंधारात चाचपडतो.

ऊन लागून अंग तापलं आणि माणूस बरळायला लागला तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग गाडी बघा.

आणि शेवटचं. अचानक चक्कर आली आणि बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो लकवा समजा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यात डोक्याचा फोटो आधी काढावा लागतो, म्हणजे गावातल्या सलाईनला, अंगाऱ्याला, जावयाची वाट बघायला वेळच नाही. 108 ला फोन करा, आणि माणूस शेवटी किती वाजता धड होता ते सांगा. छातीत धडधड होऊन किंवा काम करता करता एकदम कोसळला, तर शुद्धीवर आल्यावरही ईसीजी काढल्याशिवाय घरी आणू नका.

बैठक उठल्यावर मी मागच्या खोलीत आहे. कुशी बदलताना ज्यांना भोवंड येते त्यांनी जेवणाआधी यावं. पोटभर जेवून ही कसरत केली तर उलटी होते.