जळत्या काडीचे छायाचित्र : एक निरीक्षणपाठ

(केळझर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



काडेपेटी घरोघरी असते. परंतु काडी पेटताना नेमके काय घडते, हे फार थोड्या मुलांनी पाहिलेले असते. गुलाचा भडका क्षणभराचा असतो आणि तेवढ्यात डोळे दिपतात. तो क्षण छायाचित्रात धरता आला, तर साऱ्या वर्गाला सावकाश पाहता येतो. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, हा विचार देशापुढे ठेवला. त्याच जिल्ह्यातील केळझरसारख्या गावी शिक्षकाजवळच्या मोबाईलवर हा पाठ सहज घेता येईल.

प्रथम मांडणी. दारे-खिडक्या लोटून पंखा बंद करावा, म्हणजे ज्योत हलत नाही. मागे हातभर अंतरावर काळा फळा असावा. कापड लावू नये. पत्र्याच्या ताटलीत ओल्या मातीचा गोळा ठेवून त्यात काडी उभी रोवावी. मोबाईल दोन विटांमध्ये पक्का बसवावा. तो फार जवळ नेल्यास चित्र अस्पष्ट येते व भिंगास आच लागते; म्हणून वीतभर दूर ठेवून दृश्य दुप्पट मोठे करून घ्यावे.

आता मुख्य युक्ती. काडी पेटण्यापूर्वीच पडद्यावरील गुलावर बोट दाबून धरावे. बहुतेक मोबाईलवर त्यामुळे फोकस तेथेच कायम राहतो. नंतर उजेडाची खूण खाली सरकवून दृश्य बरेच काळोखे करावे. हे न केल्यास ज्योतीच्या जागी पांढरा डाग तेवढा उमटतो. धूर टिपावयाचा असल्यास बाजूने विजेरीचा झोत सोडावा. एका शिक्षकाने लागोपाठ चित्रे घेण्यास आरंभ करावा आणि मगच दुसऱ्याने उदबत्तीचे निखारलेले टोक गुलास लावावे. संथगती चित्रफितीची सोय असल्यास अधिक उत्तम.

पाठापूर्वी मुलांकडून ज्योतीचे चित्र काढून घ्यावे व नंतर ते छायाचित्राशी ताडून पाहण्यास सांगावे. आरंभीचा भडका इतका प्रखर का? गुलातील पोटॅशियम क्लोरेट स्वतःच प्राणवायू पुरविते. ज्योत पिवळी का? तीत काजळीचे सूक्ष्म कण तापून प्रकाशतात. टोक वर का? तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. काडी पेटीच्याच कडेवर का घासावी लागते? तांबडा स्फुरद त्या कडेवर असतो, गुलात नसतो. ही विभागणी स्वीडनमध्ये १८४४ साली पाश यांनी सुचविली. लंडन येथे मायकेल फॅराडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात एका मेणबत्तीवर मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. काडीही तितकीच बोलकी आहे.

शेवटी दक्षतेविषयी. काडी शिक्षकानेच पेटवावी, मुले दोन हात दूर बसवावीत, जवळ पाण्याची बादली व वाळू असावी. या पाठाने मुलांचे कुतूहल चाळवते आणि घरी कुटाराचे ढीग व पऱ्हाट्यांचे भारे असतात, हे विसरू नये. म्हणून त्याच दिवशी मुलांना निक्षून सांगावे की, हा प्रयोग घरी करावयाचा नाही. पाहावयाचे ते या चित्रात आहे. पेटलेली काडी किती वेगाने भडकते, हे ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी निरखले, त्याला काडीशी खेळू नये हे पटवून देणे सोपे जाते. ज्ञान आणि सावधपणा ही दोन्ही एकाच पाठातून साधावीत.