डोंगरमाथ्यापासून प्रवाळांपर्यंत

हवाई बेटांवर पूर्वी जमिनीची विभागणी ‘आहुपुआआ’ या पट्ट्यांनी होत असे. वर रान, मध्ये अळूची खाचरे, खाली दगडी बांधांची मत्स्यतळी आणि त्यापलीकडे प्रवाळ, असा हा एकच पट्टा. १७९३ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने तेथे गुरे आणली. राजा कामेहामेहाने त्यांच्या हत्येस बंदी घातली. त्या रानात ती मोकाट वाढली. रोपे नष्ट झाली, माती उघडी पडली आणि पावसाबरोबर वाहत जाऊन प्रवाळांवर साचली. म्हणूनच प्रवाळ वाचवू पाहणाऱ्यास आधी डोंगरावर कुंपण घालावे लागते, आणि आतील रानडुकरे हटवावी लागतात.

किनाऱ्यावरील काम तर आपणांस चमत्कारिकच वाटेल. आपण भारतात खारफुटी जपावी म्हणून झगडतो; तेथे मात्र ती परकी. वाहून येणारी माती थोपवण्यासाठीच १९०२ मध्ये ती मोलोकाई बेटावर लावण्यात आली, आणि पुढे तिच्या मुळांनी मत्स्यतळ्यांचे बांध खिळखिळे केले. ओआहू बेटावरील हेएइआ येथे स्वयंसेवक ती तोडतात, आणि बांधाचे दगड हातांनी पुन्हा रचतात.