सेवा आणि श्रद्धा



मातापित्यांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून पुंडलिकाने दारी आलेल्या विठ्ठलालाही विटेवर तिष्ठत ठेवले. तेथे सेवा हीच उपासना ठरली. परंतु वृद्धाचा देव आणि सेवा करणाऱ्याचा देव वेगळे असतील तर?

डोकमर्डीत हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. पुढे कारखाने आले, त्यांच्यामागून परप्रांतीय कुटुंबे आली. वारली, कोकणा, धोडिया यांच्या शेजारी मराठी, गुजराती, हिंदी भाषिक नांदू लागले. हिरवा देव मानणाऱ्या आजीचा नातू भजनी मंडळात रमलेला असू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी भगताला बोलवावे की नाही, हे मग कोणी ठरवायचे?

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषालय स्थापणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीराच्या वेदनेबरोबर आत्मिक वेदनाही जाणली. ती ओळखायची, तर आधी वृद्धालाच विचारले पाहिजे. त्याचबरोबर रात्रंदिवस राबणाऱ्या सुनेच्या श्रद्धेला आणि विश्रांतीलाही घरात जागा हवी. तिची आहुती देऊन केलेली सेवा अपुरीच होय. आपला देव न सोडता दुसऱ्याच्या देवापुढे दिवा लावता येतो. गुरुजनांच्या स्मृतीला तेच खरे अभिवादन ठरेल.