मण्यारीचा दंश आणि पहाटेची पोटदुखी
(शिक्षक संमेलनातील भाषण)



मृगाचा पाऊस पडून बिळांत पाणी शिरू लागले म्हणजे साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळतात. आपल्याकडे सापांविषयी भीती पुष्कळ, पण माहिती थोडी. महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यत्वेकरून चार सापांच्या दंशाने: नाग, मण्यार, घोणस व फुरसे. घोणस किंवा फुरसे चावल्यास जागा सुजते, ठणकते, रक्त वाहते. नागाच्या दंशातही बहुधा वेदना व सूज असते. मण्यारीचे तसे नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक बोलणे अवश्य आहे.

काळ्या तुकतुकीत अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेली ही मण्यार रात्री फिरते आणि उंदीर, पाली व इतर साप यांच्या मागावर घरात शिरते. जमिनीवर निजलेल्या माणसाचा हात झोपेत तिच्यावर पडला की ती चावते. हा दंश इतका हलका, की कित्येकदा झोपही मोडत नाही. सूज नाही, दातांची खूणही नीट दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडत उठते, त्यास वांती होते. आई ओवा देते, आजी दृष्ट काढते. पुढे त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, घोट गिळवत नाही, शब्द अडखळतात. मुलाला झोप आली आहे असे समजून त्यास पुन्हा निजविणे, हीच प्राणघातक चूक होय. विषाने स्नायू लुळे पडत असतात आणि अखेर श्वासाचे स्नायूही थांबतात. असा रुग्ण निश्चेष्ट दिसला तरी मृत असतोच असे नाही; पुष्कळदा त्यास सारे ऐकू येत असते. वाटेत श्वास थांबल्यास तोंडाने श्वास देत राहावे. इस्पितळातील श्वसनयंत्रावर असे रुग्ण बरे झालेले आहेत.

मग मांत्रिकाकडे गेलेले इतके लोक वाचतात कसे? कारण साधे आहे. धामण, दिवड, नानेटी या सापांना माणसास मारील असे विषच नसते, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. जो मुळात मरणार नव्हता त्याचे श्रेय मंत्रास मिळते. कडुनिंबाचा पाला चावावयास देऊन विषाची परीक्षा करणे हाही तसाच भ्रम आहे. त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. सापाचा पाठलाग करू नये. औषध देण्यास मेलेला साप लागत नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढावीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी लावून तो अवयव स्थिर ठेवावा आणि रुग्णास चालू देऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास विलंब असेल तर मोटारसायकलीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. वांती होत असल्यास कुशीवर निजवावे. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते आणि सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य मिळते. खूण दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी २४ तास ठेवून घेतले तर घरच्यांनी घाई करू नये.

इ. स. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधील होते.

खाट व मच्छरदाणी हा मण्यारीवरील उत्तम उपाय. मच्छरदाणीच्या कडा मात्र अंथरुणाखाली खोचलेल्या हव्यात. खाट नसेल तेथे निदान मच्छरदाणी असावीच. सरपण व गोवऱ्या निजावयाच्या खोलीत रचू नयेत. शाळेतही स्वयंपाकाची लाकडे काढण्यास मुलांना पाठवू नये. सर्वांत जवळ लस कोठे आहे व श्वसनयंत्र कोठे आहे, याची चौकशी शिक्षकाने स्वतः जाऊन मृगापूर्वीच करावी आणि त्या दोन्ही ठिकाणांचे दूरध्वनी क्रमांक फळ्याशेजारी ठळक अक्षरांत लावावेत, म्हणजे मुले ते घरी पाठ करून नेतील.