जुनी फटफटी आणि नवा स्वार

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें लातूरकडे निघालें म्हणजे गोदावरीचें खोरें मागें पडतें आणि रस्ता हळूहळू बालाघाटाच्या पठारावर चढूं लागतो. या रस्त्यावर वेगवान, हलक्या व काटकसरी दुचाकी गाड्यांची आज वाण नाहीं. तरीहि संथ ठेका धरून चाललेली बुलेट दिसली म्हणजे तरुणांच्या माना वळतात. वेग अधिक नाहीं, खर्च कमी नाहीं. मग या जुन्या घडणीच्या फटफटीचें आकर्षण तें कशांत आहे?

पहिलें कारण यंत्राच्या रचनेंतच सांपडतें. १९५५ सालीं मद्रासच्या एका कंपनीनें इंग्लंडांतील रेडिच येथील कारखान्याशीं भागीदारी केली, आणि पुढें ही गाडी मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें तयार होऊं लागली. तिच्या एकुलत्या एक सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पण दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर. सोबतीला जड चक्र. त्यामुळें यंत्र सावकाश फिरत असतांहि चढावर दम सोडीत नाहीं. दर दोन फेऱ्यांस एक स्फोट या हिशेबानें, मिनिटाला दीड हजार फेरे होत असतां सेकंदाला सुमारें बाराच स्फोट होतात. हे ठोके कानाला सुटे सुटे ऐकूं येतात. आठ हजार फेऱ्यांच्या यंत्रांत तेच साठांहून अधिक होतात, आणि त्यांचा एकच गुंजारव बनतो. यंत्राचें काम कानानें मोजतां येतें, यांतच स्वाराचा आनंद आहे.

दुसरें कारण अधिक खोल आहे. ही गाडी कळत असे. सुरू करतांना ॲमीटरची सुई पाहावयाची. ती मध्यावर आली कीं दाब सोडण्याची लहानशी कळ ओढून दट्ट्या शिखरापलीकडे न्यावयाचा, आणि मगच किक मारावयाची. घाई करणाऱ्याच्या घोट्याला यंत्र उलट झटका देई. तेल गळे, ब्रेक मंद असत. परंतु बिघाड झालाच तर रस्त्याकाठचा मिस्त्री तो पान्यानें आणि कानानें शोधून काढी.

२०२० सालीं प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा विद्युत्-नियंत्रित इंधन-फवारणीनें घेतली. हें योग्यच झालें. जुन्या यंत्राचा धूर कोणाच्याहि फुप्फुसाला मानवणारा नव्हता. २०२३ सालीं बुलेटला अगदीं नवें यंत्र मिळालें. त्यांतहि व्यास ७२ आणि धांव ८५.८ मिलिमीटर, म्हणजे धांव लांबच राहिली. ठेका टिकला, पण कित्येक दोष शोधण्यास आतां कारखान्याचें उपकरण लागतें.

तेव्हां जपावयाचें काय, हा प्रश्न नव्या स्वारापुढें उभा आहे. सायलेन्सर बदलून गांव दणाणून सोडणें ही जुन्या कारागिरीची भक्ति नव्हे. मूळ गाडीचा आवाज गंभीर होता, कर्कश नव्हता. ठेका कारखाना विकत देईल. यंत्र समजून घेण्याची कला मात्र जुन्या मिस्त्रीच्या हाताखालीं बसूनच येते. आणि असे हात नांदेड-लातुरांत आहेत तोंवरच ती शिकून घेतली पाहिजे.